वीस मिनिटं

रात्रीचे सव्वाअकरा. खान्देशातल्या एका सरकारी रुग्णालयाची कॅज्युअल्टी.

टेबलावरची ही काचेची नळी बघा. आत दोनेक मिलिलिटर रक्त. तिला धक्का लावायचा नाही, हलवायची नाही. बरोबर 20 मिनिटांनी तिरकी करायची. रक्त गोठलं तर जीव जरा भांड्यात पडतो. पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस नाहीतर फुरसं, विष रक्तात उतरलंय.

कपाशीत पाणी द्यायला गेलेला माणूस आहे, साप चावलाय. पाय घोट्यापर्यंत सुजलेला.

चॅनल गेटच्या पलीकडे त्याचे नातेवाईक. आधी सात-आठ होते, आता मोजता येत नाहीत. आवाज ऐका.

"आमना माणूस मरी राहिना, नि तुम्ही नुसता उभा शेतस!"

त्यांना दिसतंय तेही खोटं नाही. सिस्टर खरंच उभ्या आहेत, घड्याळाकडे बघत.

नळी उलटली. रक्त वाहिलं.

आता हे हात बघा. सर्पदंशाच्या लसीची पूड बाटलीत असते, ती पाण्यात विरघळवावी लागते. जोरात हलवली की फेस होतो. म्हणून तळहातात धरून गोल गोल फिरवायची, ताक घुसळल्यासारखी नाही, अगदी सावकाश. अशा दहा बाटल्या. मग ती सलाईनमध्ये मिसळून तासाभरात हळूहळू सोडायची. लस सुरू झाली की रिॲक्शन येतेय का, म्हणून कॉटजवळून हलता येत नाही. अंगावर पित्त उठलं, रक्तदाब उतरला, तर लस थांबवून आधी ते सावरायचं.

गेटबाहेरून मात्र दिसतं एवढंच: बाई बाटली हातात घेऊन खेळतेय.

तेवढ्यात 108 येते. महामार्गावरचा अपघात, मोटारसायकलवाला, नाकातून रक्त. डॉक्टर तिकडे वळतात. एकच डॉक्टर आहेत. "आम्ही आधी आलो!" आधी कोण आलं यावर इथं नंबर लागत नाही, आधी कोण जाईल यावर लागतो. पण हे गेटबाहेरच्यांना सांगणार कोण? त्यासाठी वेगळं माणूस नेमलेलं नाही. केसपेपर काढणारे मामा जमेल तसं सांगतात, आणि पहिली शिवीही तेच खातात.

ही माणसं आलीत कुठून, तेही बघायला हवं. हा सातपुड्यातला घाट, आम्ही दिवसा चित्रित केलाय. वरच्या पाड्यावरून गाडीरस्त्यापर्यंत झोळी. आरोग्य केंद्रातून 'रेफर', ग्रामीण रुग्णालयातून 'रेफर'. जिल्ह्याला पोचेपर्यंत दोन ठिकाणी एकच शब्द ऐकलेला. इथल्या डॉक्टरांनी 'न्यूरोसर्जन नाही, पुढे न्या' म्हटलं, की दिवसभराचा राग त्यांच्या अंगावर येतो. रिकामी जागा मंत्रालयात असते, मार इथं पडतो.

मार्च 2017. धुळ्यात अपघातातला रुग्ण, डोक्याला मार, न्यूरोसर्जन उपलब्ध नाही. निवासी डॉक्टरला जमावानं मारलं, त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. मग रुग्णालयांत सुरक्षारक्षक आले.

असे हल्ले रोखण्यासाठी राज्याचा कायदा त्याच्याही आधीपासून आहे, 2010 चा. 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, मोडतोडीची दुप्पट भरपाई. त्याचा फलक तो, सलाईनच्या स्टँडमागे, अर्धा झाकलेला. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राकडून सूचना आली: हल्ला झाला की 6 तासांच्या आत संस्थेनं तक्रार नोंदवायची.

काहींनी नोकरी सोडली. बोलले, पण कॅमेऱ्यासमोर आले नाहीत.

मावशी काच झाडतायत. ही काच गेल्या महिन्यातली, खिडकीच्या खाचेत अजून तुकडे सापडतात.

पहाटेचे साडेपाच. पुन्हा तशीच नळी, नवं रक्त. सिस्टर तिरकी करतात. या वेळी रक्त जागचं हलत नाही.

त्या गेटकडे जातात. कुलूप काढण्याआधी जाळीतूनच विचारतात, "पेशंटचं जवळचं कोण आहे?"