तांब्यातल्या चिरा

(दृश्य : भोसरी एमआयडीसी. पत्र्याची शेड. आत एक जुनं आडवं मिलिंग मशीन सुरू आहे.)

या शेडमध्ये एरवी पंपांचे शाफ्ट, गिअरचे ब्लँक, प्रेस टूलची दुरुस्ती असली कामं येतात. आज मशीनच्या व्हाइसमध्ये तांब्याचा एक चौकोनी तुकडा पकडलाय. ६० मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद, ८ मिलिमीटर जाड. वजन सुमारे अडीचशे ग्रॅम. हा तुकडा एका कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसेल आणि त्याच्यावरून पाणी वाहील. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या अशा भागाला वॉटर ब्लॉक म्हणतात.

ज्याचं हे काम आहे तो तरुण थ्रीडी ॲनिमेशन करतो. त्याचा कॉम्प्युटर रात्र-रात्र रेंडरला, म्हणजे ॲनिमेशनची अंतिम चित्रं तयार करायला, लावलेला असतो. पूर्ण भार आला की त्याचा प्रोसेसर अडीचशे वॅटच्या घरात वीज घेतो आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. प्रोसेसरच्या आतल्या चिपचं क्षेत्रफळ अडीच चौरस सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला शंभर वॅट. घरातल्या हजार वॅटच्या इस्त्रीच्या तळातून तेवढ्याच जागेत जेमतेम पाच-सहा वॅट निघतात. एवढ्याशा जागेतून एवढी उष्णता उचलायची, हा खरा पेच आहे.

बाजारात तयार वॉटर ब्लॉक मिळतात आणि चांगले मिळतात. तरीही काही जण तो स्वतः घडवतात, कारण त्याच्या आत नेमकं काय चालतं ते हाताखालून गेल्याशिवाय नीट कळत नाही.

(दृश्य : फेस कटर तांब्यावरून फिरतोय. कडेनं लालसर किस उडतोय.)

पाण्यानं थंड करायचं म्हटलं की गार पाणी डोळ्यांसमोर येतं. इथे फिरणारं पाणी गार नसतं. ते रेडिएटरमध्ये खोलीतल्या हवेला उष्णता देतं, त्यामुळे हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. पुण्यात एप्रिलमध्ये खोलीत ३५ अंश असतील, तर पाणी त्याहून गरमच राहणार. पाण्याचं बळ वेगळं आहे. हवेच्या तुलनेत तेवढ्याच आकारमानाचं पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल आणि त्यात २५० वॅट सोडले, तर ब्लॉकमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात एका अंशाचासुद्धा फरक पडत नाही.

मग अडतं कुठे? अडतं ते भेटीच्या जागी. चिपची उष्णता तांब्यात शिरते तिथे, आणि तांब्यातून पाण्यात उतरते तिथे. या दोन जागा साधल्या की ब्लॉक साधला.

मशीनवर उभे आहेत त्यांना शेडमध्ये सगळे काकाच म्हणतात. आधी त्यांनी तुकड्याचा वरचा भाग चारही बाजूंनी ३.२ मिलिमीटर उतरवून घेतला. मध्ये ३२ मिलिमीटरचा एक चौकोनी उंचवटा राहिला. पाणी ज्यांतून वाहणार त्या बारीक चिरा पडणार त्या या उंचवट्यात.

"काका, अर्ध्या मिलिमीटरची चीर जमेल ना?" तो तरुण विचारतो.

"जमेल रे. पण तांबं आहे. लोखंडासारखं रेटायचं नाही."

काकांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. उष्णता वाहण्यात तांब्याचा आकडा ३९० ते ४०० भरतो, शुद्ध ॲल्युमिनियमचा २३७ च्या आसपास, पितळेचा सव्वाशेच्या आत. म्हणून तांबं निवडायचं. पण मशीनवर तेच तांबं चिवट आणि चिकट. किस तुटत नाही, दातावर चढून बसतो आणि मग दात कापायचं सोडून घासायला लागतो. मऊ तांबं तर फारच छळतं. कटरला हवं असतं थोडं कडक, ओढून किंवा लाटून घट्ट झालेलं तांबं.

पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत नेमकं उलटं चालतं. ठोके खाऊन तांबं कडक होत जातं, म्हणून तांबट ते मधूनमधून भट्टीत तापवून पुन्हा मऊ करून घेतात. त्यांना अडचणीचा वाटणारा कडकपणा मिलिंगवाल्याला मात्र हवाहवासा. धातू एकच, पण दोन कारागीर त्याच्याकडून दोन वेगळे स्वभाव मागतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

(दृश्य : अगदी जवळून. पातळ गोल करवतीचं पातं आर्बरवर, म्हणजे मशीनच्या फिरत्या दांड्यावर, चढवतात. डायल गेज लावून पातं हातानं फिरवून पाहतात.)

हे पातं ६३ मिलिमीटर व्यासाचं आणि अर्धा मिलिमीटर जाड. हायस्पीड स्टीलचं, कोटिंग नसलेलं, धार नवी. गोल पातं आर्बरवर कधीच पूर्ण मध्यात बसत नाही. थोडं जरी बाहेर असलं तरी एकाच बाजूचे दात सगळं काम करतात आणि बाकीचे नुसते फिरतात. काका डायल लावून बघतात, पातं सोडतात, थोडं फिरवून पुन्हा आवळतात. मग मशीन चालू. मिनिटाला शंभर-सव्वाशे फेरे, त्याहून जास्त नाही. ब्रशनं कटिंग ऑइल सोडत राहायचं.

(ध्वनी : पात्याचा आवाज. निवेदन थांबतं.)

हा आवाज ऐका. एका लयीत जातोय तोवर ठीक. तो जड झाला, की चिरेत किस अडकलाय असं समजायचं. अशा वेळी फीड, म्हणजे टेबलाची पुढची चाल, थांबवायचं, पातं मागे घ्यायचं, ब्रशनं चीर साफ करायची आणि मगच पुढे जायचं. तसंच रेटलं तर अडकलेला किस शेजारची अर्ध्या मिलिमीटरची भिंत वाकवतो. वाकलेली भिंत सरळ करता येते, पण पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

एक चीर झाली की टेबल १ मिलिमीटर सरकवायचं. अर्धा मिलिमीटर चीर, अर्धा मिलिमीटर भिंत. खोली बरोबर ३ मिलिमीटर. उंचवटा ३.२ चा आहे, तो मुद्दाम. पातं खालच्या सपाट पट्टीच्या वरूनच जायला हवं, कारण त्या पट्टीवर रबराची ओ-रिंग बसणार आहे. तिथे एक ओरखडा राहिला तरी पाणी त्यातून वाट काढतं.

अशा ३२ चिरा. नुसता सपाट चौकोन ठेवला असता, तर पाण्याला भिडणारी जागा १,०२४ चौरस मिलिमीटर मिळाली असती. चिरांच्या भिंती आणि तळ धरले तर ती साडेसहा हजारांवर जाते. शिवाय अरुंद चिरेत पाण्याला भिंतीपासून लांब राहायला जागाच नसते. पाण्याचा भिंतीलगतचा थर उष्णता अडवतो, आणि चीर जितकी अरुंद तितका हा अडसर कमी.

हे गणित १९८१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात टकरमन आणि पीज या दोघांनी टोकाला नेऊन दाखवलं. त्यांनी खुद्द सिलिकॉनमध्येच ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या, रुंदीच्या चिरा कोरल्या, त्यांतून पाणी सोडलं आणि दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॅट उष्णता काढली. त्याआधी आयबीएमचे मोठे संगणक पाण्यानं थंड केले जातच होते. १९८० मध्ये जाहीर झालेल्या ३०८१ या संगणकात प्रत्येक चिपवर स्प्रिंगनं दाबलेला एक छोटा ॲल्युमिनियमचा दट्ट्या होता, भोवती हेलियम वायू आणि वर पाण्यानं गार ठेवलेली पट्टी. आज पुण्यातच, आयसर या विज्ञान संस्थेतल्या परम ब्रह्म या महासंगणकात द्रव थेट प्रोसेसरवरच्या पट्ट्यांपर्यंत नेलेला आहे.

(दृश्य : काळं डेल्रिन. ड्रिल, मग टॅप.)

ब्लॉकचं झाकण डेल्रिन या कडक प्लास्टिकचं. ते छान कापलं जातं आणि ॲक्रिलिकसारखं तडकत नाही. त्यात तांब्याचा उंचवटा मावेल असा खळगा करायचा आणि भोवती ओ-रिंगची खाच. रिंग २ मिलिमीटर जाडीची, खाच दीड मिलिमीटर खोल. उरलेला अर्धा मिलिमीटर दाबला जातो, आणि तो दाबच पाणी धरून ठेवतो.

पाणी आत येतं ते एका अरुंद फटीतून, चिरांच्या बरोबर मधोमध, आणि तिथून दोन्ही बाजूंना वाटलं जातं. ही मांडणी फार हुशारीची आहे. प्रत्येक बाजूला निम्मं पाणी आणि निम्मं अंतर, त्यामुळे चिरांमधला विरोध साधारण पाव होतो. आणि ताजं पाणी आधी पडतं ते जिथे खाली चिप सर्वांत तापलेली असते तिथे.

नळ्यांसाठी ११.८ मिलिमीटरचं भोक आणि पाव इंची बीएसपीचे, म्हणजे पाइपांच्या ब्रिटिश मापाचे, सरळ आटे. इथे प्लंबिंगची सवय आड येते. निमुळत्या आट्यांचं फिटिंग टेफ्लॉन टेप गुंडाळून आवळलं, तर ते पाचरीसारखं घुसतं आणि झाकण फाडतं. सरळ आट्यांत पाणी अडवते ती फिटिंगखालची रिंग. हातानं घट्ट केलं की पुरतं.

(दृश्य : जाड काच, तिच्यावर पॉलिश पेपर. तांब्याच्या तळावर मार्करच्या आडव्या-उभ्या रेघा.)

आता तळ. सपाट काचेवर ४०० नंबरचा पेपर, मग ८००, मग १२००. मार्करच्या रेघा जिथे आधी पुसल्या जातात तिथे उंचवटा, जिथे राहतात तिथे खळगा. सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या जाईपर्यंत हात थांबवायचा नाही. पुष्कळ जण याला आरशासारखी चकाकी आणण्यात वेळ घालवतात. चकाकीनं फारसं काही होत नाही, सपाटीनं होतं. तांब्याचा आकडा चारशेच्या जवळ, तर प्रोसेसर आणि तांबं यांच्या मध्ये भरायच्या थर्मल पेस्टचा चांगल्यात चांगला दहाच्या आसपास. पेस्टचा थर जितका पातळ, तितकी चिप सुखी. आणि तो पातळ राहतो तो तळ सपाट असला तरच.

मधल्या वेळात चिरांतली बर, म्हणजे कापताना कडांना राहिलेले धातूचे बारीक काटे, साफ झाली. त्यासाठी फीलर गेजचं, म्हणजे फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या जुडग्यातलं, ०.४५ मिलिमीटरचं पातं प्रत्येक चिरेतून हळूच ओढायचं. कंटाळवाणं काम आहे, पण एक कण राहिला तरी तो पुढे पाण्याबरोबर जाऊन चीर बुजवतो.

रेडिएटर निवडताना एक पथ्य पाळायलाच हवं. भंगारातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर स्वस्त पडतो, पण एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम आलं की ॲल्युमिनियम गंजून खाल्लं जातं आणि त्याचा पांढरा गाळ या बारीक चिरांत येऊन बसतो. रेडिएटर तांब्या-पितळेचा, पाणी डिस्टिल्ड, आणि त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं द्रावण.

(दृश्य : रात्र. टेबलावर पंप, रेडिएटर, नळ्या, ब्लॉक. प्रत्येक जोडाखाली टिशू पेपर.)

पंप वेगळ्या वीजपुरवठ्यावर. प्रोसेसर नाही, मदरबोर्ड नाही. पूर्ण चोवीस तास पाणी फिरू द्यायचं आणि दर थोड्या वेळानं कागद बघायचे. कागद कोरडे राहिले, म्हणजे ओ-रिंग नीट बसली.

ब्लॉक प्रोसेसरवर बसला तो स्टीलच्या पट्टीनं, ७८ मिलिमीटर अंतरावरच्या चार स्क्रूंनी. स्क्रूंखाली स्प्रिंगा आहेत, म्हणजे चारही कोपऱ्यांवर दाब सारखा राहतो. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीनं, थोडे-थोडे आवळायचे.

(दृश्य : दोन पडदे. एकावर रेंडर, दुसऱ्यावर तापमानाचे आलेख.)

तो तरुण दोन आकडे टिपतो, चिपचं तापमान आणि पाण्याचं तापमान. नुसता चिपचा आकडा फसवा असतो, कारण खोलीतला उकाडाही त्यात मिसळलेला असतो. या दोहोंतला फरकच ब्लॉकची परीक्षा घेतो.

आता मधल्या फटीची रुंदी बदलून बघायचीय. ३ मिलिमीटरवरून २ केली, तर पाणी जास्त जोरात आदळेल, पण पंपावरचा ताण वाढेल. त्यासाठी तांब्याला हात लावायला नको, नवीन झाकण केलं की झालं.

"काका, डेल्रिनचा तुकडा उरलाय का?"

"आहे की. या वेळी ड्रॉइंग नीट काढून आण. फटीच्या दोन्ही टोकांना किती रेडियस ठेवायची, ते आधीच्या कागदावर नव्हतं."