लिंक अप आहे, तरी स्लिप का येतात? राउटरचा क्लॉक सोर्स नीट लावा

नमस्कार मंडळी, आज राउटरच्या क्लॉक सोर्सबद्दल बोलू, आणि आधीच सांगतो, लॉगमध्ये तारीख-वेळ बरोबर यावी म्हणून एनटीपी लावतो ते वेगळं, इथे प्रश्न आहे बिट कुठल्या वेगाने टाकायचे आणि कुठल्या वेगाने उचलायचे याचा.

ई1 लिंक घ्या, म्हणजे कॉल आणि डेटा नेणारी डिजिटल टेलिकॉम लिंक. 2.048 एमबीपीएस, सेकंदाला 8000 फ्रेम (बिटांचे ठराविक गठ्ठे), म्हणजे एक फ्रेम 125 मायक्रोसेकंदांची. आता दोन्ही टोकांना क्लॉक सोर्स इंटर्नल, म्हणजे राउटरच्या आतल्या क्रिस्टलचा, ठेवला तर दोन्ही क्रिस्टल आपापल्या चालीने चालणार, आणि दोघांत फक्त 4.6 पीपीएमचा (दहा लाखांत 4.6 भागांचा) फरक असला ना, तरी साधारण 27 सेकंदांत एका फ्रेमएवढं अंतर पडतं, बफर भरून जातो किंवा रिकामा पडतो, मग अख्खी फ्रेम गळते नाहीतर तीच दोनदा वाचली जाते. हीच स्लिप. लिंक अप दिसते, पिंगही बहुतेक जातात, पण फॅक्स मध्येच तुटतो आणि कॉलमध्ये टक् टक् ऐकू येतं. म्हणून नुसतं अप बघून उठू नका, शो कंट्रोलर्स ई1 ही कमांड मारा, थोड्या वेळाने परत मारा, स्लिपचा आकडा वाढतोय का बघा.

उपाय सोपा आहे. लिंक प्रोव्हायडरकडून येत असेल तर आपल्याकडे लाइन, म्हणजे समोरून येणाऱ्या सिग्नलमधूनच क्लॉक घ्यायचा. दोन्ही राउटर आपलेच असतील तर एकाला इंटर्नल, दुसऱ्याला लाइन. दोन्हीकडे लाइन अजिबात नको, दोघं एकमेकांच्याच मागे धावतात आणि क्लॉक भरकटत जातो, याला टायमिंग लूप म्हणतात.

व्हॉइस कार्ड असेल तर नेटवर्क-क्लॉक-पार्टिसिपेट आणि नेटवर्क-क्लॉक-सिलेक्ट या कमांड पण बघा, कारण कंट्रोलरला लाइन दिलं तरी राउटरच्या आतली टीडीएम बस (कार्डांमध्ये कॉलचे बिट नेणारी वाट) स्वतःच्याच क्लॉकवर चालू राहू शकते, आणि खूप जण नेमके इथेच अडकतात.

सिंक-ई (सिंक्रोनस इथरनेट) मध्ये हीच गोष्ट इथरनेटवर. दर सेकंदाला ईएसएमसी पॅकेट क्लॉकची क्वालिटी सांगतं, आणि ज्या पोर्टवरून क्लॉक घेतलाय त्यावर राउटर उलट डीएनयू पाठवतो, म्हणजे माझा क्लॉक तू वापरू नको. रिंगमध्ये लूप यानेच टळतो, त्यामुळे क्वालिटी लेव्हल बंद ठेवून नुसत्या प्रायॉरिटीवर रिंग चालवू नका, प्लीज.

सगळं लावून झालं की मेंटेनन्स विंडोत पहिल्या सोर्सची केबल काढा. दुसरा सोर्स लॉक होतोय का बघा. केबल परत लावल्यावर लगेच जुन्यावर गेला नाही तर घाबरू नका, वेट-टू-रिस्टोर, म्हणजे परत जाण्याआधी थांबायचा वेळ, सहसा 5 मिनिटांचा असतो आणि रिव्हर्टिव्ह मोड चालू नसेल तर तो आपणहून परत जाणारच नाही.