केडगावची मुद्रितं

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारची उपासना संपली की चर्चच्या दाराशी माणसं रेंगाळतात, ख्यालीखुशाली विचारतात. कुणाच्या मुलाची नोकरी हाताशी येऊन गेली, कुणाच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, असं कानावर येतं आणि आपण लगेच बोलून मोकळे होतो, "ताई, देवाची काहीतरी योजना असेल." हेतू चांगला असतो, त्याबद्दल वाद नाही. पण ताई नुसती मान हलवतात आणि गप्प होतात. रडायची सोयच आपण ठेवत नाही.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांची विद्वत्ता, विधवांसाठीचं शारदा सदन, निराधार बायकामुलींसाठी केडगावला उभं केलेलं मुक्ती मिशन हे सगळं आपण शाळेपासून ऐकत आलोय. मी बोलणार आहे ते त्यांच्या अखेरच्या दिवसांबद्दल.

दुःख त्यांना नवं नव्हतं. दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ बहीण. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी पटकीने गेले, तेव्हा लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. म्हणून काही संकटं थांबली नाहीत. १८८९ मध्ये सुरू केलेल्या शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात असा १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ उठला, रानडे-भांडारकरांसारखी पाठीशी उभी असलेली माणसं बाजूला झाली, पालकांनी मुली काढून नेल्या.

या सगळ्यांत मनोरमा हा मोठा आधार होता. देशात-परदेशात शिकलेली, आईच्या हाताखाली तयार झालेली. मुक्तीचा कारभार पुढे तीच पाहणार, हे धरून चाललेलं. २४ जुलै १९२१ रोजी ती गेली. चाळीस वर्षांची होती.

रमाबाईंच्या हातात तेव्हा बायबलचं भाषांतर होतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला समजेल अशा सोप्या मराठीत त्या कितीतरी वर्षं ते करत होत्या. छपाईही केडगावातच. मुक्तीतल्या मुलीच खिळे जुळवायच्या. मुद्रितं, म्हणजे चुका शोधण्यासाठी काढलेली कच्ची छापील पानं, तपासायचं काम किती किचकट, हे ज्याने केलंय त्याला ठाऊक आहे: इथे काना राहिला, तिथे अनुस्वार उडाला, खूण करा, पान परत पाठवा. लेक गेल्यावरही हे चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. शेवटची मुद्रितं पाहून झाली होती, असं सांगतात. संपूर्ण बायबल बाहेर पडलं १९२४ मध्ये.

कुणी म्हणेल, बघा, काम तर तडीस गेलं! हा हिशेब मला मान्य नाही. ग्रंथ छापून झाला म्हणून लेकीचं जाणं फिटत नाही. तिला का नेलं, याचं उत्तर त्या मुद्रितांत कुठे नाही. उत्तर नसताना, ज्याने उत्तर दिलं नाही त्याच्याच वचनाचं पुढचं पान त्या बाईने ओढून घेतलं. विश्वास म्हणतात तो मला इथे दिसतो.

आणि गाऱ्हाणं घालायला देवाची मनाई नाही. तेरावं स्तोत्र सुरूच होतं ते "हे परमेश्वरा, कुठवर?" असं विचारत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी आले तेही बाविसाव्या स्तोत्रातले शब्द, "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" रागावलेला माणूस ज्याच्यावर रागावलाय त्याच्याच दारात उभा राहून बोलतो आहे, हे लक्षात घ्या.

अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोन शिष्यही असेच निराश. आमची केवढी आशा होती, म्हणतात. उठलेला प्रभू सोबत चालतोय, पण त्यांनी त्याला ओळखलेलं नाही. त्याला तर सगळं ठाऊक, तरी विचारतो, "कसल्या गोष्टी?" आणि त्यांची सगळी हकिगत ऐकून घेतो. पुढे बोलही लावतो, नाही असं नाही. पण ते त्यांचं सांगून झाल्यावर.

लूकच्या चोविसाव्या अध्यायात आहे हे, तेराव्या वचनापासून. आज जेवणं झाली की घरात कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा.

नमस्कार.