लुगड्यावरचा शर्ट

श्रोतेहो, नमस्कार. कापसाचा हंगाम सुरू आहे. तुमच्यातल्या कित्येक जणी आत्ता वावरातून येऊन चुलीपाशी बसल्या असतील. तुमच्याच अंगावरच्या एका कपड्याबद्दल आज बोलायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावात शूटिंगला मंडळी आली होती. नऊ जण, सगळे पुरुष. त्यांना कापूस वेचणारी बाई हवी होती. आमच्या शेजारच्या काकू रोजच्यासारख्या पऱ्हाटीत उभ्या राहिल्या. लुगड्यावर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट, कमरेला ओटी. "मावशी, तेवढा शर्ट काढा, चांगला नाही दिसत," दिग्दर्शक म्हणाले. काकूंनी काढला. संध्याकाळी पाहिलं, तर मनगटापासून कोपरापर्यंत वाळल्या बोंडांचे ओरखडे. मीठ लागलं तरी झोंबत होतं.

त्या माणसांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तो शर्ट कशासाठी घालतात हे माहीत असलेली एकही बाई कॅमेऱ्यामागे नव्हती.

खरं तर बाई तिथं पहिल्यापासून आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, कारण त्या कामाला बाई मिळेना. पण सरस्वतीबाई फाळके त्याच चित्रपटाच्या फिल्मला भोकं पाडत होत्या, ती धुवायला मदत करत होत्या आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही रांधत होत्या. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मधून दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. १९२६ साली फातमा बेगम यांनी चित्रपट दिग्दर्शित केला. आणि तरीही, बाईनं केस करावेत पण रंगभूषा करू नये, हा हिंदी सिनेसृष्टीतला दंडक मोडायला २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला!

आपल्या विदर्भावरच्या सिनेमात बाई बहुतेक वेळा रडताना दिसते. दारात जमलेली माणसं, तिचं पुसलेलं कपाळ, की झाला सिनेमा. मला त्याच्या पुढचं पाहायचं आहे. तेरवी झाल्यावर सातबाऱ्यावर नाव चढवायला ती तलाठ्याकडे किती खेटे घालते, सावकाराला दारातच काय सांगते, मृगात तिफण कोणाकडून आणते. हे आर्णीच्या, घाटंजीच्या, धारणीच्या पोरींनी आपल्या घरात पाहिलेलं आहे. त्यांच्या हाती कॅमेरा यायला हवा.

यंदा काकूंच्या नातीनं मोबाइलवर वेचणी टिपली. काकूंनी शर्टाची बटणं मनगटापर्यंत लावली आणि म्हणाल्या, "बाह्या दिसू दे वं, माय."