हातचा न येणारा गुणाकार

नमस्कार श्रोतेहो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर पुढ्यात घ्या आणि ओळीने नऊ वेळा एक लिहा. अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. आता या संख्येला तिनंच गुणायचं आहे. शाळेत शिकलो तसंच, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. पाढे लागत नाहीत, एके एक एवढंच. नऊ ओळी झाल्या की उजवीकडून बेरीज करत चला. पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असं चढत मधल्या घरात नऊ, आणि पुढे आठ, सात, सहा असं उतरत पुन्हा एकावर. उत्तर 12345678987654321. सतरा अंकी संख्या, उलटी वाचली तरी तीच.

या बेरजेत हातचा एकदाही आला नाही, हे लक्षात आलं का? सगळ्यात मोठी बेरीज नऊ, म्हणून प्रत्येक घराचा आकडा आपल्याच घरात राहिला. संख्येच्या देखणेपणाचं कारण एवढंच. चौथीतल्या मुलालाही ते पूर्ण उलगडून दाखवता येतं, आणि म्हणूनच ही संख्या मला इतकी प्रिय आहे.

अशा संख्यांना 'डेमलो संख्या' हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म 1905, डहाणूचा. पुढे 1962 पर्यंत ते देवळालीला शाळामास्तर होते. मुंबईपासून तीसेक मैलांवर जी.आय.पी. रेल्वेचं डेमलो नावाचं स्टेशन होतं, म्हणजे आजची डोंबिवली. तिथं त्यांना या संख्यांचा विचार सुचला. त्यांची अट अशी: संख्येचे तीन तुकडे करायचे. पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यात जितक्यास तितके अंक. त्या दोघांच्या बेरजेत एकच अंक पुन्हापुन्हा यावा, आणि मधल्या तुकड्यातही तोच असावा. आपल्या संख्येवर करून पाहा. 12345678 मध्ये 87654321 मिळवले की ओळीने आठ वेळा नऊ येतो, आणि मधे राहिलेला अंकही नऊच! डोंबिवली स्टेशनात हे गणित सांगणारी एक पाटी असावी, असं मला फार वाटतं.

या घराण्यातली धाकटी संख्या खूप जुनी आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 12345654321 चं वर्णन केलं ते एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी संख्या असं. ती सहा एकांचा वर्ग.

आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज 81 होते, आणि 81 ने तिला भागही जातो. कारण सोपं आहे. नऊ एकांच्या संख्येला नऊने भाग जातो, मग तिच्या वर्गाला नऊच्या वर्गाने जाणारच. त्या पहिल्या भागाकाराचं उत्तर 12345679. यात आठ नाही. त्याचे अवयव 37 आणि 333667, दोन्ही मूळ संख्या.

आता दहा एक लिहून वर्ग करा. मधल्या घरात दहा येतात, शून्य मांडून हातचा एक पुढे जातो. पुढच्या घरात नऊ आणि एक, पुन्हा दहा. त्याच्या पुढे आठ आणि एक, नऊ. उत्तर 1234567900987654321. उतरणीवर सगळे अंक जागच्या जागी आहेत, चढणीवरचा आठ मात्र हातच्यात गेला.