चटणीच्या मिरचीतलं बी

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च महिना लागला की आपल्या कोल्हापुरात कुठल्याही गल्लीतून चाला, चटणीचे दिवस आल्याचं नाकालाच आधी कळतं. गच्चीवर जुन्या साड्या अंथरून मिरच्या वाळत घातलेल्या असतात, दुपारच्या बायका देठं मोडत बसलेल्या असतात आणि डंकाच्या, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीच्या, दारात डब्यांची रांग लागलेली असते. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगते, आपल्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कुटलेला वर्षाचा मसाला. देठं मोडून झाली की साडीच्या घडीत, फरशीच्या फटीत पिवळं बी सांडलेलं दिसतं. माझ्या सासूबाई ते केरसुणीनं गोळा करून परड्यात टाकायच्या. पहिला पाऊस पडला की तिथं पाच-पंचवीस रोपं वर यायची, आणि श्रावणात घरच्या मिरचीचा खर्डा व्हायचा. आता परडं राहिलं नाही, गच्ची राहिली. पण बी तेच आहे, आणि आज मला त्या बियाबद्दलच बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, रोपवाटिकेत मिरचीचा तरवा, म्हणजे कोवळी रोपं, तयार मिळतो, मग बी टाकून दीड महिना वाट कशाला बघायची? नुसती हिरवी मिरची हवी असेल तर खुशाल तयार रोप आणा. पण तिथं बहुतेक वेळा बाजारात खपणाऱ्या हायब्रीड मिरचीची रोपं असतात. गडहिंग्लज भागातली जवारी संकेश्वरी मागा, लवंगी मागा, क्वचितच हाताला लागेल. आपल्या जिभेला जी मिरची ठाऊक आहे ती गच्चीवर हवी असेल तर ती बियापासूनच करावी लागते. आणि एकदा तिचं बी आपल्या घरात आलं की दरवर्षी कुणापुढं हात पसरायला नको.

आपल्या चटणीत एकच मिरची कधी नसते, हे घरात डंकाचा डबा भरणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. ब्याडगी रंगासाठी. ती कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, सुरकुतलेली, गडद लाल, तिखटपणाला सौम्य. 2011 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. संकेश्वरी वासासाठी आणि चवीसाठी. तिचं नाव सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या संकेश्वरवरून पडलं, पण ती पिकते आपल्या गडहिंग्लजच्या रानातही. लांब, बारीक, आणि भाजताना घरभर सुगंध सोडणारी. लवंगी असते तिखटाचा झटका द्यायला. ती लवंगेएवढी, झाडावर आभाळाकडं तोंड करून येते. तांबड्या रश्शाचा रंग, वास आणि झणका हे तीन वेगवेगळ्या मिरच्यांचं काम आहे. गच्चीवर तीन कुंड्या ठेवायच्या झाल्या तर मी याच तीन जाती ठेवीन. हिरव्या मिरचीसाठी चौथी कुंडी हवी असेल तर पुसा ज्वाला घ्या. ती दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची सुधारित जात आहे, हायब्रीड नाही, म्हणून तिचंही बी घरी धरता येतं.

आता बी आणायचं कुठून? चटणीसाठी आणलेल्या मिरचीतूनच. मात्र मिरची त्याच हंगामातली, उन्हात वाळलेली आणि देठासकट असलेली निवडा. भट्टीच्या उष्णतेनं वाळवलेल्या किंवा दोन-तीन वर्षं पडून राहिलेल्या मिरचीचं बी रुजेल याचा भरवसा नसतो. खडखडीत वाजणारी, बुरशीचा डाग नसलेली मिरची फोडा. फिकट पिवळं, भरलेलं, चपटं बी घ्या. काळपट पडलेलं टाकून द्या. हे काम करताना हाताला खोबरेल लावा आणि डोळ्याला हात लावू नका. मिरचीचा जाळ ज्या कॅप्सेसीनमुळं होतो ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून हात भगभगले की नुसत्या पाण्याखाली धरून उपयोग नाही. तेल चोळा, मग साबणानं धुवा. तोंड भाजलं तर दही खा.

बी जिवंत आहे का, हे पेरण्याआधी बघून घ्या. दहा बिया मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळा, झाकणाच्या डब्यात ठेवा, रोज एकदा उघडून वारं द्या. आठ-दहा दिवसांत सात-आठ बियांना मोड आले तर बी उत्तम. तीन-चारच फुटल्या तर दुप्पट बी टाका. एकही नाही फुटली तर पंधरा दिवस फुकट घालवण्यापेक्षा दुसरी मिरची फोडलेली बरी.

पेरायचं कधी, यावर माझं मत जरा वेगळं आहे. शेतकरी खरिपासाठी मे अखेरीला, रोहिणी नक्षत्राच्या सुमारास तरवा टाकतो. त्याच्या रानाला निचरा असतो. आपल्या गच्चीवर मात्र जुलै-ऑगस्टचा कोल्हापुरी पाऊस कुंडीत साचतो, सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही, आणि कोवळी मिरची मुळापासून कुजते. म्हणून मी गौरी-गणपतीच्या सुमारास बी टाकते. तोवर पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि हवेत ऊब असते. दिवाळीच्या आसपास रोप मोठ्या कुंडीत जातं, डिसेंबरात फुलं लागतात, आणि महाशिवरात्रीच्या सुमारास झाडावर लाल मिरची दिसते. म्हणजे बरोबर चटणीच्या तोंडावर.

रुजण्यासाठी मिरचीच्या बियाला ऊब लागते, 25 ते 30 अंशांची. ऊन त्या वेळी गरजेचं नाही. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी निथळून चिमूटभर ट्रायकोडर्मा चोळा. ही चांगली बुरशी आहे, रोप कुजवणाऱ्या बुरशीला ती दाबून ठेवते. कृषी सेवा केंद्रात सहज मिळते. प्रो ट्रे, म्हणजे रोपं करायचा खणाखणांचा ट्रे, असेल तर छान, नसेल तर दह्याचे रिकामे डबे घ्या आणि तळाला भोकं पाडा. त्यात अर्धं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि अर्धं चाळलेलं गांडूळखत भरा. बी अर्धा सेंटिमीटर खोल, त्याहून जास्त नाही. वरून मातीचा पातळ थर, आणि पाणी फवाऱ्यानं, झारीनंसुद्धा नको. ट्रेवर ओलं गोणपाट टाका. पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी गोणपाट काढा. एक दिवस उशीर झाला तरी रोपं दोऱ्यासारखी लांबतात. थंडीत पेरायची वेळ आलीच तर ट्रे स्वयंपाकघरात उबेला ठेवा. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बी नुसतं निजून राहतं.

यानंतरचे पंधरा दिवस सगळ्यात नाजूक. माझा एक अख्खा ट्रे, पन्नासच्या वर रोपं, दोन रात्रींत आडवी झाली होती. संध्याकाळी ताठ होती, सकाळी जमिनीलगत देठ पिचून पडलेली. मी त्यांना प्रेमानं दिवसातून तीन वेळा पाणी देत होते, आणि तेच त्यांच्या जिवावर आलं. याला रोप कोलमडणं म्हणतात. सतत ओली माती आणि कोंदट हवा मिळाली की मातीतली बुरशी देठाचा बुडखा खाते. त्यानंतर मी एकच पाळते. बोटाचं पेर मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही सकाळी. रात्री माती ओली राहता कामा नये. ट्रे सकाळचं कोवळं ऊन आणि वारा लागेल अशा जागी हवा.

पहिली दोन गुळगुळीत पानं ही बियातली, ती मोजायची नाहीत. त्यानंतरची खरी सहा पानं आली, रोप वीतभर झालं, की बारा इंची कुंडीत लावा. साधारण चाळीस दिवस होतात. आपली काळी माती एकटी वापरू नका, ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगड होते. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा जाड वाळू, आणि मूठभर निंबोळी पेंड. वर उसाचं पाचट पसरा. ऊस तर आपल्या दाराशी आहे. पाचटानं मार्च-एप्रिलच्या उन्हात कुंडीतला ओलावा टिकतो. खताचा मारा करू नका. नत्र जास्त झालं की झाड डौलदार हिरवं होतं आणि फूल काही धरत नाही. पारा 35 च्या वर गेला की फुलं गळतात, तेव्हा दुपारची सावली तेवढी करा, घाबरून औषधं मारू नका.

मिरची लावणाऱ्याला सगळ्यात जास्त रडवतो तो चुरडा-मुरडा. पानं आखडतात, शेंडा थांबतो. अशा वेळी पान जवळ घेऊन नीट बघा. कडा वरच्या बाजूला वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे आहेत. कडा खाली वळून होडी पालथी झाली असेल तर कोळी आहेत, डोळ्यांना जेमतेम दिसणारे. दोन्हीसाठी निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, दोन थेंब साबणाचं पाणी घालून, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. दर सहा-सात दिवसांनी, तीन वेळा. पण पांढऱ्या माशीनं विषाणू आणला असेल, पानं बारीक, पिवळी, जाड होऊन झाड खुरटलं असेल, तर त्याला औषध नाही. ते झाड उपटा आणि जाळा. मला हे फार जड गेलं होतं, कारण ते झाड गडहिंग्लजहून आणलेल्या मिरचीचं होतं. मी आठवडाभर ठेवलं, आणि त्या आठवड्यात शेजारच्या दोन कुंड्या गेल्या.

हल्ली तरुण मुलं मला ईशान्येकडच्या भूत जोलोकियाबद्दल विचारतात. 2007 साली जगातली सगळ्यात तिखट मिरची म्हणून गिनीज बुकात तिची नोंद झाली होती, तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मोजमापात दहा लाखांच्या वर. पुढं तिला मागं टाकणाऱ्या मिरच्या निघाल्या. आपल्या गच्चीवर ती येते, पण तिचं बी तीन-तीन आठवडे उगवत नाही आणि फळ यायला फार महिने लागतात. नवख्यांनी लवंगीपासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. आणि तिखट बियात असतं हा समज सोडा. ते असतं बी ज्याला चिकटलेलं असतं त्या पांढऱ्या गाभ्यात. बी त्याला घासून तिखट लागतं इतकंच. पक्ष्यांना तर हे तिखट जाणवतच नाही. आमच्या गच्चीवरचे बुलबुल लाल लवंगी आवडीनं खातात, आणि पुढच्या पावसात जास्वंदीच्या कुंडीत न पेरता लवंगीचं रोप उगवतं.

शेवटी बी धरण्याबद्दल. ते मात्र लक्ष देऊन ऐका. मिरचीचं फूल स्वतःचं स्वतः फळतं, पण मधमाशी एका झाडाचे परागकण दुसऱ्यावर नेते. ब्याडगी आणि लवंगी शेजारी असतील तर या वर्षीची फळं जशीच्या तशी येतात, त्यांच्या चवीत काही फरक पडत नाही. ढोबळी मिरची तिखट मिरचीशेजारी लावली की तिखट होते, असं म्हणतात ते खरं नाही. फरक पडतो आतल्या बियात, आणि तो दिसतो पुढच्या वर्षी. माझी ब्याडगी अशीच बिघडली. दुसऱ्या वर्षी रंग ब्याडगीचा आणि ठसका भलताच निघाला. तेव्हापासून बियासाठी ठरवलेल्या फांदीवर, कळ्या उमलायच्या आधीच, मलमलीची छोटी पिशवी बांधते. रोज सकाळी फांदी हलकेच हलवायची, म्हणजे आतल्या आत पराग पडतो. चार-पाच फळं धरली की पिशवी काढायची आणि त्या फळांच्या देठांना लाल दोरा बांधायचा. त्या मिरच्या कुणी तोडायच्या नाहीत, घरच्यांना तसं सांगून ठेवायचं.

झाडही निवडून घ्या. पहिलं फळ लवकर आलं म्हणून भुलू नका. उन्हात तग धरलेलं, चुरडा न लागलेलं, आपल्या जातीचा आकार आणि वास नीट दाखवणारं झाड बियाचं. दोन-तीन झाडांचं बी एकत्र धरलेलं अधिक चांगलं. मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊन सुरकुतू द्या. मग सावलीत वाळवून बी काढा, ते आणखी आठवडाभर सावलीत सुकवा, चिमूटभर चुलीची राख चोळून काचेच्या बाटलीत भरा. बाटलीवर जात आणि साल लिहा. कोरड्या, थंड जागी ते दोन वर्षं चांगलं उगवतं, पुढं जोर कमी होत जातो.

गेल्या साली माझ्या आठ कुंड्यांमधून वाळलेली मिरची निघाली पाऊण किलो. ओल्या लाल मिरचीचं वजन वाळल्यावर चौथ्या हिश्श्यावर येतं. वर्षाच्या चटणीला ती पुरली नाही, बाकीची बाजारातूनच आणली. पण डंकावर नेताना घरची संकेश्वरी मी सगळ्यात वर ठेवली होती. आणि तिचं बी तीन घरांत दिलं. एक बाटली राजारामपुरीत गेली, एक कागलला, आणि एक माझ्या लेकीबरोबर पुण्याला, तिच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. परवा तिचा फोन आला होता. अकरा बिया टाकल्या होत्या, नऊ उगवल्यात.

नमस्कार.