पियानोला नव्या घराची हवा लागू द्या

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय पियानोबद्दल. कोल्हापुरात पियानो कुणाकडं असतोय असं कुणीतरी म्हणणारच, पण आहेत की, जुन्या घरांत आहेत, शाळांत आहेत, आणि आता फ्लॅटमधली माणसंपण पोरांसाठी सेकंडहँड घ्यायला लागलीत. आणि पियानो घरात असला की घर बदलताना सगळ्यात जास्त घोर त्याचाच लागतो. आमच्यावर ती वेळ २०२१ च्या पुरानंतर आली. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालापण पाठ असतं. २०१९ ला पाणी गल्लीच्या तोंडाशी थांबलं होतं, २०२१ ला ते आमच्या पायरीला लागलं, आणि सासूबाईच म्हणाल्या, आता पुरे, उंचावर जाऊया.

तर मुख्य गोष्ट आधीच सांगते, आणि मधे परत सांगणार आहे. पियानो नव्या घरात नेला की लगेच ट्यूनरला, म्हणजे सूर लावणाऱ्या माणसाला, बोलवू नका. तीन-चार आठवडे तो तसाच राहू दे. नव्या घराची हवा त्याला लागू दे, मग ट्यून करा.

लोकांना वाटतं टेंपोत हिसके बसले म्हणून तो बेसूर झाला. हिसक्यांनी फार काही होत नाही. होतं ते हवेनं. पियानोत साधारण २३० तारा असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण जातो १८ ते २० टनांवर, तो पेलायला आत बिडाची फ्रेम असते. पण आवाज मोठा होतो तो मागच्या पातळ लाकडी फळीमुळं, साउंडबोर्ड म्हणतात त्याला. हवेत दमटपणा वाढला की ही फळी फुगते, तारांना पुढं रेटते, तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो. हवा कोरडी झाली की फळी बसते, सूर उतरतो. आणि सगळा पियानो एकसारखा चढला-उतरला असता तर चाललंही असतं, पण मधल्या पट्ट्या जास्त हलतात आणि खर्जातल्या कमी, म्हणून कानाला खटकतं. आता नदीकाठचं जुनं मातीच्या भिंतींचं घर आणि दुसऱ्या मजल्यावरचा नवा फ्लॅट, दोन्हीकडची हवा एक कशी असेल? फळीला नव्या हवेत स्थिर व्हायला वेळ लागतो, त्याआधी ट्यून केलं तर पैसे पाण्यात.

हे मला पुस्तकातनं कळण्याआधी एका वस्तादांनी सांगितलं. तो किस्सा सांगतेच.

आमचा पियानो म्हणजे उभा, अपराइट, सासऱ्यांनी तरुणपणी मुंबईहून आणलेला, वजन अडीचशे किलोच्या पुढं. सामान हलवणाऱ्या एका कंपनीची माणसं सकाळी आली, फोनवर सगळं सांगितलं होतं त्यांना, तरी ती पियानोकडं बघतच राहिली. मग दोघांनी पुढचे दोन पाय धरले आणि ओढायला लागले. अपराइटचे ते पुढचे पाय वजन पेलायला नसतातच हो, नुसते टेकलेले असतात बऱ्याचदा. लाकूड करकरलं तशा सासूबाई अशा ओरडल्या की त्यांनी हातच काढले. मग म्हणाले हे आमच्याच्यानं होणार नाही, आणि बाकीचं सामान घेऊन गेले. रिकामं घर, मधे पियानो, आणि आम्ही दोघी.

शेजारच्या मामी म्हणाल्या, अगं तालमीत सांग की. आपल्याकडं पेठेत ही एक गोष्ट फार मोलाची आहे आणि ती टिकली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पुरात म्हाताऱ्या माणसांना खांद्यावरनं बाहेर काढणारी पोरं हीच असतात, तालमीची जागा बिल्डरला देऊन काय मिळणार आहे? असो. अर्ध्या तासात वस्ताद आले, सत्तरीचे, कान पार मोडलेले, अंगात पांढरा सदरा, मागं पाच-सहा पोरं.

वस्तादांनी आधी हात लावलाच नाही. पियानोभोवती एक फेरी मारली, मग मागं जाऊन फळीवर तळवा ठेवला आणि मला म्हणाले, "पोरी, वाजीव बघू एकदा, जाड आवाजातलं." मी खर्जातली पट्टी दाबली. ते डोळे मिटून हाताला लागणारी थरथर बघत होते. मग हळूच वरनं धरून पियानो दोन बोटं मागं कलवला, परत सरळ केला, आणि पोरांकडं बघून म्हणाले, "ह्याचं सगळं बळ पाठीत हाय. ह्याला पट काढायचा न्हाई, पाय नाजूक हायत ह्याचं. पाठीला भिडायचं, आन् मागं पडू द्यायचा न्हाई."

पट काढणं म्हणजे कुस्तीत पाय धरून पाडणं. आणि खरंच आहे ते, बिडाची फ्रेम मागच्या अंगालाच असते, म्हणून अपराइट पडला तर मागं पडतो. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पियानो ते पहिल्यांदाच बघत होते.

मग घोंगडी आली, जाड सोल म्हणजे दोरखंड आला, खाली घालायला फळी आली. पट्ट्यांवरचं झाकण बांधून टाकलं. उंबऱ्यावर सगळा खेळ होता, कारण आमचा उंबरा वीतभर उंच, पुढं बोळ, आणि बोळात वळण. वस्ताद पुढं उलटे चालत होते आणि नुसतं "दम धरा... आता... दम धरा..." एवढंच म्हणत होते. बोळातल्या बायका गॅस बंद करून दारात आल्या होत्या. छोटा हत्ती कोपऱ्यावर उभा केला होता, त्यात पियानो उभाच ठेवला, आडवा नाही, आणि दोन पोरं त्याला मिठी मारून बसली ती थेट नव्या घरापर्यंत. तिथं लिफ्टमधे तो मावेना. बिल्डिंगला दोन-दोन कोटींची जाहिरात करतात आणि लिफ्ट अशी की स्ट्रेचरसुद्धा आडवं जात नाही, याचा कुणीतरी विचार करायला हवा. शेवटी जिन्यानं, प्रत्येक वळणावर टेकवत टेकवत, वर.

ठेवल्यावर पोरं म्हणाली, ताई, वाजवून दाखवा की. मी भूप वाजवायला घेतला. आधीच ट्यूनिंगला बरेच दिवस झाले होते, त्यात हे, काही सूर अगदीच पडले होते. वस्तादांच्या लक्षात आलं. म्हणाले, "बिघडला व्हय गं?" मी म्हटलं बिघडला नाही, सुरात आणायला लागेल, उद्याच पुण्याहून माणूस बोलवते. तर म्हणाले, "उद्या कशाला? गावाकडनं पोरगं तालमीत आलं की महिनाभर मी त्याला कुस्तीला सोडत न्हाई. हितलं पाणी, हितली माती अंगाला लागली पायजे आधी. ह्योबी लाकडाचाच हाय की."

संध्याकाळी ट्यूनरना फोन केला. ते पण हेच म्हणाले, महिनाभर थांबा. वस्तादांनी पैसे घेतले नाहीत, पोरांना दूध पाजा म्हणाले. गंगावेशला जाऊन पाजलं.

तर परत सांगते, तीन-चार आठवडे. तोवर त्याची जागा ठरवा. बाहेरच्या भिंतीला नको, पावसात ती ओलावते, घराच्या आतल्या भिंतीला ठेवा आणि भिंतीपासून थोडा सुटा. नवं बांधकाम असेल तर प्लास्टरमधे ओल असते, तिथं तर अजिबात टेकवू नका. खिडकीतलं ऊन नको, एसीचा झोत नको. आणि वर फुलदाणी नको, खरंच नको, पाणी आत गेलं की तारांना गंज धरतो.

ट्यूनर आले तेव्हा मी शेजारीच बसून होते. मधल्या आणि वरच्या प्रत्येक सुराला तीन-तीन तारा असतात, ते फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पाचर घालून दोन बंद करायचे, एक लावायचे, मग दुसरी तिच्याशी जुळवायचे. जुळत आली की आवाजातली ती वॅंव-वॅंव लाट हळू होत जाते आणि एकदम थांबते. सूर फार उतरलेला होता म्हणून एका दमात वर नेला नाही, जुनी तार तुटते. आधी सगळा पियानो ढोबळ वर घेतला, मग दुसऱ्या फेरीत बारीक काम. तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या फेल्टला कसर लागली होती, ते बदललं. दोन-तीन पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या, दमटपणानं आतलं फेल्ट फुगलं होतं, ते मोकळं केलं. अडकलेल्या पट्टीत खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालणारी माणसं मी बघितलीत. कृपा करून घालू नका, फेल्ट तेल पितं आणि मग ते बदलायचंच काम होतं.

आता कुणी म्हणेल एवढी यातायात करण्यापेक्षा पेटी बरी. पेटी माझीपण लाडकी आहे, पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या कोल्हापुरात राहतो आपण. आणि आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, मला आजही ते पटत नाही. पट्टीतले सूर कुठं वाकतात, एकावरनं दुसऱ्यावर घसरत कुठं जातात, असं म्हणायचे. वाकत नाहीत, मान्य, पण घरोघरी पोरांना सा कळला तो तिच्यामुळंच ना?

तर शेवटचं. मे महिन्यात घर बदलणार असाल, बरेच जण शाळा सुरू व्हायच्या आधी बदलतात, तर एक लक्षात ठेवा. जूनमधे गगनबावड्याकडनं पाऊस आला की फळी परत फुगणारच. तेव्हा महिनाभरानं कामचलाऊ ट्यूनिंग करून घ्या आणि पक्कं ट्यूनिंग दिवाळी झाल्यावर करा. पावसाळाभर पियानो प्लॅस्टिकमधे गुंडाळून ठेवू नका, ओल आतच कोंडते. सुती चादर घाला, आणि उघडीप मिळाली की झाकण उघडून रोज थोडं वाजवा. ट्यूनरची वेळ मात्र गणपतीतच घेऊन ठेवा, दिवाळीनंतर त्यांना सगळीकडनं बोलावणी असतात. नमस्कार.